कुंकवाखालचा तडा

लोखंडही थकतं, हे मला सुरतच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कळलं. वडील थकतात हे त्याच्या कितीतरी आधी घरात दिसत होतं, पण त्यावर कुणी पीएच.डी. देत नव्हतं. माझा विषय असा: धातूवर पुन्हा पुन्हा ताण पडला की त्याला बारीक तडा जातो, तड्याच्या कडा एकमेकींवर घासतात, तिथे ऊब येते आणि उष्णतेच्या कॅमेऱ्यात ती पांढरी दिसते. नव्वदच्या दशकात असा कॅमेरा कॉलेजात येणं म्हणजे घरी जावई येणं. त्याला गार ठेवायला द्रव नायट्रोजन लागायचा. आमच्या खोलीत पंखासुद्धा धड चालत नव्हता.

आम्ही खानदेशातून येऊन सुरतच्या गोडादऱ्यात राहिलेले. वडील जवळच्या पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये फिटर. कापड सुकवायच्या मशीनच्या शाफ्टला तडा गेलाय, असं ते महिनाभर शेठना सांगत होते. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे रॉकेलचं फडकं आणि शाळेतला खडू. शाफ्टवर रॉकेल चोळायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडू फासायचा. तड्यात मुरलेलं रॉकेल वर येतं आणि खडूत ओली रेघ उमटते. रेघ उमटली होती. पण शाफ्ट बदलायचा तर मशीन चार दिवस बंद, तेव्हा शेठना ती रेघ फारशी शास्त्रीय वाटेना. मुलगा कॉलेजात एवढं शिकतोय, त्याचा कॅमेरा आण, असं त्यांनी सुचवलं.

माझे गाइड सर स्वतः आले. गरम मशीन त्यांनी थांबवायला लावलं. मशीन थांबलं म्हणजे तड्याचं घासणंही थांबलं, पण हे विचारायची तिथे कुणाची टाप नव्हती. सरांनी वाफा सोडत नायट्रोजन ओतला तेव्हा अर्धी मिल दर्शनाला जमली. पडद्यावर शाफ्ट काळाकुट्ट, आणि खडूच्या रेघेपासून हातभर लांब एक पांढराशुभ्र ठिपका. तडा इथे आहे, सरांनी जाहीर केलं. त्यावर एक लोखंडी पट्टा आवळला की झालं, आणि खडूच्या जागी काहीही नाही.

तो ठिपका मी ओळखला. दर दसऱ्याला वडील शाफ्टवर तिथेच हळदकुंकू लावायचे आणि लहानपणी वाटी मी धरायचो. तेल बसून, थरावर थर चढून त्याचा तपकिरी टिक्का झाला होता. चकचकीत धातू स्वतःची उष्णता कॅमेऱ्याला नीट दाखवत नाही, म्हणून आधी काळा रंग द्यावा, हे पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात आहे. शाफ्ट सगळीकडे सारखाच गरम होता, फक्त कुंकवाच्या थराने रंगाचं काम केल्यामुळे तिथेच तसा दिसत होता. मी बोलायला हवं होतं. पण माझ्या प्रबंधावर सरांची सही बाकी होती, आणि सरांना चारचौघांत दुरुस्त करणाऱ्यांचे प्रबंध कपाटातच म्हातारे होत. मी मान डोलावली.

"मशीन खोटुं नहीं बोले," शेठ खुशीत म्हणाले. वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खडूची रेघ स्वतःच्या बाहीने पुसली आणि सोबतच्या कामगाराला सांगितलं, "मना आंडोरनी दखेल शे. चालू कर."

मुलाने पाहिलंय, एवढं त्यांना पुरलं.

पंधरवड्यात शाफ्ट तुटला, बरोबर खडूच्या जागी. पुली निसटली आणि वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. सरांनी हळहळ व्यक्त केली आणि तुटलेला तुकडा मागवून घेतला. तुटलेली कड फारच सुंदर होती. माझ्या प्रबंधात तिचं रंगीत छायाचित्र आहे.

दवाखान्यात मी वडिलांना टिक्क्याचं सगळं समजावून सांगितलं. ते मला कधी कळलं, तेवढं सोडून. गल्लीतली माणसं भेटायला यायची, आणि कॅमेरा चुकला की मुलगा, असं कुणी आडून विचारलं की वडील पट्टी बांधलेला हात वर करायचे.

"कॅमेरानी काय चूक? कुकू मीच लायं व्हतं."

मला लाज वाटायची, अजून वाटते. तेव्हा मी शेजारी बसून त्यांना मोसंबं सोलून देत होतो.