तिच्या गाण्याआधी माझं मनोगत

पंचेचाळिसाव्या वर्षी बायका गुडघ्यांसाठी तेल विकत घेतात, मी बेस गिटार घेतली. डहाणूत रेल्वेतल्या माणसाची बायको आणि शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई अशी माझी दुहेरी प्रतिष्ठा होती, ती एका पार्सलने धुळीला मिळाली. खोक्यातून गिटार निघताना शेजारच्या काकू हजर होत्या. त्यांनी तारा मोजल्या आणि दोन तुटून आल्यात, लगेच परत पाठवा, असा सल्ला दिला. बेसला चारच तारा असतात असं मी सांगितलं, तेव्हा कमी तारांची स्वस्त पडत असेल म्हणून त्यांनी माझी समजूत घातली. पुढे महिनाभर मी दार लावून एकच स्वर घुमवत बसायचे. मागच्या चिकूच्या वाडीतले गुजराती काका एकदा कुंपणापाशी आले आणि काळजीने विचारून गेले, "केम बेन, मोटर बगडी गई के?"

अशा भांडवलावर मी दोन वर्षांत एका त्रिकुटाची म्होरकी झाले. ड्रम वाजवणारी तलासरीला नर्स आहे. दिवसभर कुणावर आवाज चढवायचा नाही, कुणाला मारायचं नाही, असा तिचा पेशा, आणि त्याचं सगळं उट्टं ती रविवारी काढते. तिसरी आमची खरी गाणारी. ती वेवजीकडची, भातशेती करणाऱ्या घरातली. तलासरी नाक्यावर ब्लाउज शिवते. दुकानात मशीन चालवता चालवता मोबाइलवर ऐकून ती गिटार शिकली आणि शेजारच्या गॅरेजमधून मागून आणलेला पान्याचा लोखंडी सॉकेट बोटात घालून ती तारांवरून असा काही सरकवते की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. तिला बरोबर घेऊन आम्ही ब्लूज, कंट्री आणि रॉक यांची मिसळ करायला लागलो. ब्लूज तिचा, रॉक नर्सचा आणि कंट्री माझा, कारण त्यात बोटं फारशी हलवावी लागत नाहीत.

डहाणू-तलासरीने आमचं जोरदार स्वागत केलं असं म्हणवत नाही. एका मंडळाच्या कार्यकर्त्याने तिघींकडे नीट पाहून घेतलं आणि बाकीची पार्टी कधी येणार म्हणून विचारलं. लग्नवाल्यांना बेंजो हवा होता. वाढवणच्या बंदराविरोधातल्या एका सभेने बोलावलं, पण त्यांना गाण्यापेक्षा घोषणा हव्या होत्या, आणि घोषणा द्यायला त्यांच्या कोळणी आमच्यापेक्षा शंभर पटीने तयार होत्या. राहता राहिले आमच्या शाळेतले सहकारी. ते स्टाफरूममध्ये मला पाहून हवेत गिटार वाजवून दाखवायचे आणि स्वतःच हसायचे. त्यातल्या एकालाही सूर कशाशी खातात ते माहीत नव्हतं.

मीही काही कमी नव्हते म्हणा. गाणारीची शाळा आठवीत सुटलेली, त्यामुळे इंग्रजी गाणी ती कानाने उचलायची. मी दोन वर्षं तिचे उच्चार घासले. एकेक शब्द वीस-वीस वेळा म्हणवून घेतला. ती एकदा म्हणाली की बाई, अर्थ नाही कळला तरी रडायचं कुठे ते मला कळतं. हे मला आवडलं आणि मी तिला पुढचा शब्द पुन्हा म्हणायला लावला.

एका रविवारी ती दुकानाच्या बिलबुकातला पाठकोरा कागद घेऊन आली. त्यावर तिने स्वतः केलेलं गाणं होतं. ब्लूजच्या रिवाजाप्रमाणे एक ओळ दोनदा आणि मग तिचं उत्तर.

आई माझी पहाटे गेली, भात लावाया गेली,
आई माझी पहाटे गेली, भात लावाया गेली,
परत आली तवर गं, माझी शाळा सुटून गेली.

घरी धाकटी भावंडं होती, आई शेतावर जायची, म्हणून थोरलीने घरी राहायचं. एवढीच गोष्ट. ती कधी कुणी वाईट बुद्धीने केली नव्हती आणि त्याबद्दल घरात कधी कुणी बोललंही नव्हतं. नर्सने काड्या मांडीवर ठेवल्या. मी मात्र 'गेली' हा शब्द फार वेळा आलाय, एखादा बदलता येईल का बघ, असं सुचवलं. तिने बदलला नाही.

हे गाणं आईला ऐकवायचं, असं तिने तेव्हाच सांगितलं. घरीच म्हण ना, असं नर्स म्हणाली.

"घरात कसं म्हणू? भाकरी थापता थापता ती मधेच बोलायला लागेल, नाहीतर मीच थांबेन. स्टेजवरून म्हटलं की तिला बसून ऐकावं लागेल."

पण आई कधी आलीच नव्हती. गाणं म्हणजे लग्नात बायका मांडवाखाली बसून गातात ते, त्याला स्टेज कशाला आणि तिकिटाचा खर्च करून जायचं कशाला, असं तिचं म्हणणं. मुलीने वर्षभर पाठपुरावा केला. शेवटी मार्चमध्ये तलासरीला महिलांचा मेळावा ठरला, त्यात आम्हाला तीन गाण्यांची वेळ मिळाली आणि आई यायला तयार झाली. गावाकडची शेवटची जीप पाचला सुटायची, म्हणून पावणेपाचला तिला उठावं लागणार होतं. आमची वेळ चारची होती. फिकीर नव्हती.

मेळाव्याच्या संयोजक ताईंनी आम्हाला आधी दोनदा बैठकीला बोलावलं. पहिल्या बैठकीत साड्यांचा रंग ठरला. दुसऱ्या बैठकीत तो बदलला. गाणी कोणती, हे कुणी विचारलं नाही, फक्त वाढवण बंदराबद्दल काही नाही ना, दोन्ही बाजूंचे पाहुणे आहेत, एवढी खात्री करून घेतली. नर्सने साडीत ड्रमचं पेडल मारता येत नाही असं सांगितलं, तेव्हा ताईंनी पेडल न मारता चालेल का म्हणून विचारलं. बॅनरवर आम्हाला 'महिला ऑर्केस्ट्रा' केलं होतं.

गाण्यांचा क्रम मी ठरवला. गाणारीचं म्हणणं होतं की आपलं गाणं पहिलं घेऊ. मी म्हटलं, आधी लोकांचे कान तयार करायचे असतात, तुझं गाणं शेवटी शोभेल. ती मला बाई म्हणते, त्यामुळे तिने ऐकलं.

मेळावा अडीचला होता, म्हणजे सव्वातीनला सुरू झाला. दीपप्रज्वलनाला अकरा जणांचे हात लागले आणि वात एकदाच पेटली. मग सत्कार. अध्यक्षांचा, प्रमुख पाहुण्यांचा, न आलेल्या पाहुण्यांच्या प्रतिनिधीचा, हॉल देणाऱ्यांचा, खुर्च्या देणाऱ्यांचा. प्रत्येकाला शाल, नारळ, फोटो, आणि फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा शाल. एका भाऊंनी महिलांनी पुढे यावं या विषयावर वीस मिनिटं भाषण केलं, तोवर महिला मागे बसून होत्या. मी विंगेत उभी राहून नर्सच्या कानात एकेकाची टर उडवत होते. ही माणसं माईक दिसला की कशी चळतात, याची मी नक्कल करून दाखवली. ती हसली, पण सारखी घड्याळ बघत होती.

गाणारी काही हसत नव्हती. तिची आई तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली होती, नवी साडी, मांडीवर पिशवी. दोघींची नजरानजर झाली तेव्हा आईने पदर सारखा केला आणि ताठ बसली. तेवढ्याने मुलीचा चेहरा उजळला.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी आमचं नाव पुकारलं. आम्ही वाद्यं घेऊन उभ्या राहिलो आणि ताई म्हणाल्या की आधी या तीन गुणी भगिनींचा सत्कार करूया. गाण्याबद्दलचा सत्कार, गाण्याच्या आधी. शाली आल्या, गिटारच्या पट्ट्यांत अडकल्या, नारळ ठेवायला जागा नव्हती म्हणून नर्सने तो ड्रमवर ठेवला. यात सात-आठ मिनिटं गेली. तरी वेळ होता. तिचं एकच गाणं घेतलं असतं तरी अगदी आरामात झालं असतं.

मग ताईंनी माझ्या हातात माईक दिला आणि बाईंनी दोन शब्द मनोगत व्यक्त करावं, अशी विनंती केली.

बावीस वर्षं मी वर्गावर आहे. समोर चारशे माणसं गप्प बसलेली आणि त्यात कुणीही बाहेर जायची परवानगी मागत नाही, हे सुख मला कधी मिळालेलं नव्हतं. मी आभार मानले. मग ब्लूज म्हणजे काय ते सांगितलं. कापसाच्या शेतात राबणारी माणसं सांगितली, त्यांचं दुःख सांगितलं, तीच ओळ दोनदा का म्हणतात ते सांगितलं. मग कंट्री आलं. कंट्री सांगितल्यावर रॉक सोडणं बरं दिसेना. मागून नर्सने तीनदा झांज वाजवली, मला वाटलं दाद देतेय. एका मुद्द्यावर टाळ्याही आल्या आणि त्या टाळ्यांनी घात केला. माझा पेपर तपासणारा कुणी असता तर त्याने विषयांतर म्हणून लाल रेघ मारली असती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मी तासभर मोजत होते, माझ्या डोळ्यातलं मुसळ अकरा मिनिटं चाललं.

"तर ऐकूया," असं म्हणून मी वळले. गाणारी माझ्याकडे बघत नव्हती. मी तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. तिथे एक बाई आपल्या लेकराला बसवत होती.

ताईंनी खालून एक बोट दाखवलं, एकच गाणं. मी गाणारीला विचारलं, तुझं घेऊया का. ती नको म्हणाली आणि तिने इंग्रजी गाणं सुरू केलं. दोन वर्षं घासलेले सगळे उच्चार जिथल्या तिथे आले, एकही चुकला नाही. सॉकेट तारांवरून फिरला, पण लोखंड फिरल्यासारखा. लोकांना आवडलं. एक साहेब स्टेजवर आले आणि इतकं शुद्ध इंग्रजी या भागात ऐकलं नव्हतं, असं माझ्याकडे बघून म्हणाले. मी थँक्यू म्हटलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

नंतर दोघींपैकी कुणीच मला बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. गाणारीने गिटार पिशवीत घातली, शाल घडी करून वर ठेवली आणि उद्या दुकानात सहा ब्लाउज द्यायचेत म्हणून निघून गेली. पुढच्या रविवारी ती वेळेवर आली, तिने इंग्रजी गाणी वाजवली आणि बिलबुकाचा कागद बाहेर काढला नाही. असे तीन रविवार गेले.

मेमध्ये डहाणूला एक कार्यक्रम ठरला, तेव्हा मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. सत्कार नाही, भाषण नाही, मी माईकला हात लावणार नाही, पहिलं गाणं तुमच्या मुलीचं, असं सगळं बोलायचं मी वाटेत पाठ केलं होतं. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. मला पाहून ती लगबगीने उठली, खुर्ची पुसून दिली, मुलीला चहा टाकायला सांगितलं. मी पाठ केलेलं बोलून टाकलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मी आलेली ना, बाई. सारखं सारखं नाय जमत," ती म्हणाली. "तुम्ही बरीक चांगलं बोलता. जीप चुकली असती तरी चाललं असतं, असं वाटलं मला."

मी म्हटलं, पण तुम्ही हिचं गाणं ऐकलं नाही.

"ती काय, घरचीच हाय. कधी पण ऐकेन." तिने सूप पुन्हा हातात घेतलं. "तुमचं ते ध्यानात राहिलं बघा. दुःख असलं की तिकडची माणसं एकच गोष्ट दोनदा सांगतात. खरं हाय ते. एकदा सांगून कोण ऐकतं?"

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. तिने एक कप मला दिला, एक आईला दिला आणि आत निघून गेली. मला माझी इतकी लाज वाटली की मी तो चहा तसाच गरम पिऊन टाकला. आई सूप हलवत राहिली, आणि रॉकबद्दल मी काय सांगितलं होतं ते मला विचारत राहिली.