दाराबाहेरची दाद

गारखेड्यातल्या माझ्या खोलीवर दर रविवारी आमची गाण्यांची तालीम चालायची. वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून येणारा आमचा कीबोर्डवाला गाणं आवडलं की चक्क उठून बाहेर जायचा. एखाद्या ओळीखाली गिटारवर भलतीच, पण नेमकी कॉर्ड आली की "कां से लाया रे ये!" म्हणत तो चपला न घालताच गॅलरी गाठायचा. नवख्या गायकांना तो अपमान वाटायचा. "पुढचं ऐकलं तर ही ओळ कानातून पुसली जाईल ना," तो सांगायचा.

एकदा मी माझी नवी चाल ऐकवली. तो शेवटपर्यंत मांडी घालून बसला. "लई छान झालं, भाऊ," म्हणाला. टाळ्याही वाजवल्या.

ती खोली सुटून बरीच वर्षं झाली. अजूनही कुणाला चाल ऐकवताना माझं लक्ष दाराकडंच असतं.