शेवगावचा कॉम्प्युटर आणि साळवे सर

“मॅडम, सर चालू व्हईनात,” टायपिंग क्लासमधली एक मुलगी म्हणाली.

मी नुकताच कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा शेवटचा स्क्रू पिळून हात पुसत होतो. विंडोज झकास चाललं होतं. आता मात्र स्क्रीन काळा, आणि त्यावर इंग्रजीत एकच ओळ: रनटाइम एरर दोनशे. मशीन बंद करून चालू केलं. परत तीच ओळ.

‘सर’ म्हणजे एक प्रोग्रॅम. शेवगावात साळवे मॅडमचा टायपिंग क्लास होता. त्यांचे मिस्टर हायस्कूलवर गणित शिकवायचे. त्यांनी घरी बसून मराठी टायपिंग शिकवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये मराठी अक्षरं आयती मिळत नसत. सरांनी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून एकेक अक्षर घडवलं होतं. ओळ बरोबर आली की स्क्रीनवर उमटायचं, ‘शाब्बास.’ चुकली की, ‘परत एकदा.’ पुढे सर हार्ट अटॅकनं गेले, प्रोग्रॅम राहिला. मुली त्यालाच सर म्हणू लागल्या. टाइपरायटरवरून उठून “मी आता सरांकडं बसते” म्हणायच्या. मॅडमनी त्यांना कधी टोकलं नाही.

मला बोलावलं होतं ते विंडोजसाठी. स्टँडजवळ नवा कॉम्प्युटर क्लास निघाला होता, मुली तिकडे चालल्या होत्या. मॅडमकडे एकच जुनं मशीन, त्यावर विंडोज रांगायचं. नवं घेणं झेपणारं नव्हतं. नगरला मी कॉम्प्युटर जोडून विकायचो. मी म्हटलं, मशीन तेच ठेवू, नुसता प्रोसेसर बदलू. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरमधला हिशेब करणारा भाग. नामांकित कंपनीचा महाग होता, पण त्याच खाचेत बसणारा दुसऱ्या कंपनीचा वेगवान आणि स्वस्त मिळत होता. जुना दुकानदाराला एक्स्चेंजमध्ये देऊन टाकायचा.

“जुनं सगळं चालेल ना, भाऊ?” मॅडमनी विचारलं होतं.

“चालणारच. उलट पळेल.”

काम तसं सोपं. बाजूची बारीक दांडी उचलली की जुना प्रोसेसर सुटतो. नवा बसवायचा, मदरबोर्डवरच्या इवल्या टोप्या हलवून त्याला किती व्होल्टेज द्यायचं ते ठरवायचं, वर पंखा लावायचा. सगळं नीट झालं. मी मनातल्या मनात खूश होतो, आणि तेवढ्यात सर बंद पडले.

समोरच्या एसटीडी बूथवरून पुण्याला मित्राला फोन लावला. तो प्रोग्रॅम लिहिणारा. ऐकून म्हणाला, “प्रोग्रॅम बिघडला नाही रे. मशीन फार फास्ट झालंय.”

सर ज्या साधनात प्रोग्रॅम लिहायचे, त्यात बनलेला प्रोग्रॅम सुरू होताना मशीनचा वेग मोजून घेत असे. मशीन एवढं पळेल, हे ते साधन बनवणाऱ्यांच्या डोक्यातच नव्हतं. आकडा जागेत मावेना, की प्रोग्रॅम तिथेच मान टाकायचा. सरांनी लिहिलेलं प्रोग्रॅमचं मूळ लिखाण असतं तर दुरुस्त करता आलं असतं. ते मॅडमकडे नव्हतं, मशीनमध्येही सापडलं नाही.

“कॅश बंद करून बघ,” मित्र म्हणाला. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी मेमरी. ती बंद केली की प्रोसेसर लंगडा होतो.

परत येऊन बंद केली. सर चालू झाले. मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, “आले, आले!” मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मग मी विंडोज लावलं. ते पहिल्यापेक्षाही रडत चालू झालं. साधा वर्ड उघडायला एवढा वेळ, की मुलगीच खुर्चीवर चुळबुळायला लागली.

“दोन्ही न्हाई का जमायचं?” मॅडमनी विचारलं.

“दर वेळी मशीन बंद करून सेटिंग बदलावं लागेल. पोरी बदलायला लागल्या तर एक दिवस भलतंच काही बंद करून ठेवतील. हवं तर जुना प्रोसेसर परत बसवतो. दुकानदाराला मी सांगतो.”

मला वाटलं, परत बसवा म्हणतील. खरं तर तसंच म्हणावं, असं मला वाटत होतं.

“पोरींना नोकरी विंडोजवर मिळणार. सरांवर कोण देईल?” त्या म्हणाल्या. “नवा राहू द्या. पण आज एकदा मला बसू द्या.”

कॅश अजून बंदच होती. मी सर परत चालू केले. मॅडम खुर्चीवर बसल्या. क्लास चालवणारी बाई, न बघता टाइप करायची. पण पहिली ओळ चुकली. ‘परत एकदा.’ दुसऱ्यांदा चुकली. ‘परत एकदा.’ तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की त्या मुद्दाम चुकतायत. बरोबर आलं असतं तर प्रोग्रॅम पुढे पुढे जाऊन संपला असता. मी उगाच बाहेर जाऊन उभा राहिलो. मला तिथे थांबवेना.

“बास. करा तुमचं,” आतून आवाज आला.

मी प्रोग्रॅम फ्लॉपीवर उतरवून मॅडमच्या हातात दिला, कॅश चालू केली आणि नगरची एसटी धरली. त्या विंडोजवर क्लास थोडे दिवस तगला. स्टँडजवळच्यांकडे खोलीभर मशिनं होती, मॅडमकडे एक. शेवटी क्लास बंद झाला.

काही वर्षांनी नगरमध्ये इंटरनेट कॅफे निघाले. दुसरंच काही शोधताना मला तो एरर दोनशे दिसला. त्यावर इलाज होता. कुणीतरी एक चिमुकला प्रोग्रॅम लिहून फुकट ठेवला होता. तो आपल्या प्रोग्रॅमवर एकदा चालवला की झालं. कॅश बंद नको, काही नको. पूर्ण वेगात सर चालले असते, विंडोजही चाललं असतं.

आनंदाच्या भरात मी तिथूनच शेवगावला मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. विचारलं, फ्लॉपी आहे ना?

“ती वाचली जात न्हाई म्हणाला एकजण. मशीन विकलं, घेणाऱ्यानं सगळं पुसलं.” मग म्हणाल्या, “भाऊ, हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.”

तेव्हापासून कुणी मशीन वाढवायला आणलं की मी आधी विचारतो, यावर रोज काय चालतं? ते चालवून बघतो, मगच स्क्रू काढतो. आणि वेळ गेल्यावर सापडलेला इलाज गिऱ्हाइकाला सांगत नाही.