घागरीतलं पाणी

आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले त्या दसऱ्याला कुणाच्या घरातून काय गेलं आणि कुणाच्या घरी काय आलं, कोण जाणे. आमच्या घरातून हे गेले आणि एक मासा आला.

हे म्हणजे माझे यजमान, आदिलाबादच्या सरकारी कचेरीत कारकून. जिल्हा वाटला तशी कचेरीही वाटली गेली. कपाटं, खुर्च्या, टेबलपंखे, फायलींचे गठ्ठे ट्रकांत चढत होते आणि माणसांच्या नावांपुढे नव्या जिल्ह्यांची नावं पडत होती. ह्यांच्या नावापुढे मंचिर्याल पडलं. ऑर्डरीत 'तात्पुरतं' म्हटलेलं होतं, म्हणून आम्ही बिऱ्हाड हलवलं नाही. थोड्या महिन्यांची तर गोष्ट, असं जो तो म्हणत होता.

ह्यांच्या टेबलावर काचेच्या बरणीत एक निळा मासा असायचा. बाजारात त्याला फायटर म्हणतात. निवृत्त झालेल्या एका सोबत्याने जाताना तो ह्यांच्या गळ्यात घातलेला. वाटणीत खुर्च्यांवर नंबर पडले, टेबलांवर पडले, माशावर कोणी नंबर टाकला नाही. शेवटच्या दिवशी हे बरणी स्कूटरच्या पायाशी, दोन्ही पोटऱ्यांत दाबून घरी घेऊन आले. निम्मं पाणी पँटवर सांडलं होतं.

मी दारातच म्हटलं, "एवढंच बाकी होतं."

"तिकडं खोलीवर कसा नेऊ? तिथं अजून मलेच जागा नाई," हे म्हणाले. "लय काई करा लागत नाई त्याचं."

लय काही करावं लागत नाही असं सांगून जे जे घरी आणलं जातं, त्याचं सगळं शेवटी मलाच करावं लागतं. हा माझा लग्नापासूनचा अनुभव आहे. मी ह्यांच्यासाठी चिवडा डब्यात भरत होते आणि हे बरणीपाशी उभे राहून सांगत होते. जोडीला दुसरा मासा सोडायचा नाही, दोघं एकमेकांचे पंख फाडतात. दाणे इवलेसेच, जास्त टाकले तर पोट फुगतं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवायचं, मग घालायचं, आणि सगळं एकदम कधी बदलायचं नाही. थोडं जुनं, थोडं नवं. मी हूं हूं करत होते. बाजेवर बसलेले मामाजी मात्र सगळं कान देऊन ऐकत होते.

मामाजी म्हणजे माझे सासरे. उभा जन्म तलमडुगूकडच्या शेतात कापूस आणि ज्वारीत गेलेला. सासूबाई गेल्यावर शेत बटईने देऊन आमच्याकडे राहायला आले, ते येताना एक पेटी आणि एक तांब्याची घागर घेऊन. घागर सासूबाईंच्या लग्नातली. रोज संध्याकाळी मामाजी ती चिंचेने घासायचे, इतकी की तिच्यात आपलं तोंड दिसावं. मग भरून ठेवायची, सकाळी तेच पाणी प्यायचं. देवाला त्यातलं, पाहुण्याला त्यातलं. घरात नळ होता, फिल्टर होता, पण चांगलं पाणी म्हणजे घागरीतलं, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. माझ्याही नाही.

हे गेले आणि माझा गाडा सुरू झाला. मी एका खाजगी शाळेत गणित शिकवायची. सकाळी मामाजींचा स्वयंपाक, त्यांच्या गोळ्या, शाळा, परत येऊन गॅस, मोटर, भाजी. शनिवारी शाळा सुटली की मामाजींचं एका रात्रीचं शेजारी सांगून, डबे घेऊन मंचिर्यालची बस. उटनूर, जन्नारम करत सागाच्या जंगलातून ती बस जायची. लोक म्हणतात फार देखणा रस्ता आहे. मी तो कधी पाहिलाच नाही, खिडकीला डोकं टेकवून झोपलेली असायची. तिकडे पोचले की ह्यांच्या खोलीवरचे कपडे धुवायचे, आठवड्याची चटणी करून ठेवायची आणि रविवारी परत. मुलगा हैदराबादला होस्टेलमध्ये होता. फोन केला की म्हणायचा, आई, तू बोलता बोलता झोपतेस.

मला एकच हवं होतं. सगळ्यांनी उठून मंचिर्यालला जावं आणि एक चूल करावी. शाळा मला तिकडेही मिळाली असती. मी मामाजींजवळ ते एकदा बोलले, दोनदा बोलले.

"तिकडं कोन हाय आपलं?" मामाजी म्हणायचे. "इथं तुही शाळा हाय, घर हाय, शेजारपाजार हाय. तुह्यासाठीच म्हनतो मी. अन् कायमचं थोडंच हाय हे?"

त्यांना कायमचं एकटं ठेवून जाणं शक्य नव्हतं, आणि त्यांना ओढून नेणं त्याहून नाही. ह्यांनाही वडिलांपुढे तोंड उघडवत नसे. मी विषय सोडून दिला. वाद घालायलाही अंगात जीव लागतो.

माशाला मी पहिले काही दिवस दाणे टाकले, मग एक दिवस विसरले, आणि दुसऱ्या दिवशी पाहते तर मामाजी बरणीपुढे स्टूल घेऊन बसलेले. तेव्हापासून मासा त्यांचा झाला. मला हायसं वाटलं. हे मंचिर्यालला गेल्यापासून ते फार गप्प झाले होते, जेवता जेवता ताटावरून उठायचे. आता सकाळी लवकर आंघोळ, देवपूजा, आणि पूजेनंतर माशाचं पाणी. समोर दाढीचा आरसा धरायचे. मासा आरशात दुसरा मासा बघून गाल फुगवून अंगावर जायचा. मामाजी खूश.

"सूनबाई, पाह्य, कसा ताव खाऊन राह्यला! एकटाच हाय, पन कोनाले भेत नाई."

आणि पाणी? नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून ते त्याला रोज एक तांब्याभर घागरीतलं घालायचे. घरात आलेल्याला जे सगळ्यात चांगलं ते द्यायचं, ही आमच्याकडची रीत. मी ते रोज बघत होते, येता जाता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या गल्लीत कुणालाही वाटलं नसतं.

थंडी पडली. आदिलाबादची थंडी बाहेरच्यांना सांगून खरी वाटत नाही. मासा मलूल झाला. त्याचे ते साडीच्या पदरासारखे पंख अंगाशी मिटून गेले, रंग उतरला, आणि तो तळाशी बसून राहू लागला. श्वासाला म्हणून वर यायचा, तोंड पाण्याबाहेर काढून हवेचा एक घोट घ्यायचा आणि परत तळाशी.

"गारठला," मामाजी म्हणाले. त्यांनी बरणीशेजारी बल्ब लावून घेतला, रात्री बरणीवर आपला मफलर गुंडाळला. मासा तसाच. मग त्यांनी पाणी वाढवलं. सकाळी घागरीतलं, संध्याकाळी घागरीतलं. चिंच जास्त, घासणं जास्त, घागर नवीन असल्यासारखी चमकायला लागली. मासा आणखी उतरला. मामाजी पुन्हा ताटावरून उठायला लागले.

मला माशाचं फारसं दुःख नव्हतं, खरं सांगते. पण तो मेला तर हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडेल आणि मग मंचिर्याल तर सोडाच, मला शाळेतही जाता येणार नाही, ही भीती होती. मी ह्यांना फोन लावला.

ह्यांनी सगळं विचारलं. दाणे किती, ऊन पडतं का, पाणी किती बदलता.

"पानी तर चांगलंच देतात. घागरीतलं."

ह्यांनी मला मधेच तोडलं. "तांब्याच्या?"

"मग कोनत्या?"

"अगं, तांबं बाधते त्याले. मरते मासा त्यानं. सोबत्यानं मले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं."

"मग तुमी आमाले काऊन नाई सांगतलं?"

"कचेरीत तांब्याचं भांडं होतं कुठी? याद नाई राह्यली."

मी फोन ठेवला. मामाजी स्टुलावर बसलेले, हातात तांब्या. गोडीगुलाबीने सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. सरळ म्हटलं, "मामाजी, घागरीतलं पानी नका घालू त्याले. तांबं बाधते म्हनतात. त्यानंच बिमार पडला."

त्यांनी हातातल्या तांब्याकडे बघितलं. मग बरणीकडे.

"म्या तर चांगलं समजूनच दिलं," म्हणाले. इतक्या हळू, की ते मला सांगत होते की माशाला, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घागर घासली नाही. माशासाठी एक प्लास्टिकची बादली वेगळी काढली, नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवलं आणि मग बरणीतलं थोडं काढून थोडं घालू लागले. एकदम सगळं बदलायचं नाही, हे त्यांनी बाजेवर बसून ऐकलेलं पक्कं लक्षात होतं. रोज थोडं. मी शाळेतून आले की पहिला प्रश्न मी विचारायची, "कसा हाय?" आणि ते म्हणायचे, "हाय." संक्रांत झाली आणि त्याचे पंख जरा सुटले. मग एका सकाळी मामाजींनी मला पोळपाटावरून उठवून नेलं. बरणीत वरच्या बाजूला काचेला लागून बारीक फेसाचा पुंजका होता, आणि मासा तोंडाने एकेक बुडबुडा सोडून तो वाढवत होता.

"घर बांधून राह्यला," मामाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही बराच वेळ उभी राहिले, तव्यावरची पोळी करपली.

पुढे त्या ऑर्डरीतलं 'तात्पुरतं' निघून गेलं. ह्यांना मंचिर्यालच कायम झालं. हे फोनवर सांगताना माझ्याशी अगदी सपाट आवाजात बोलले, मीही सपाट आवाजात बरं म्हटलं. मामाजींना सांगितलं, ते बरणीतलं पाणी बदलायला उठले. तिकडे जायचं मी पुन्हा काढलं नाही. उत्तर मला पाठ होतं.

त्याच आठवड्यात, मंगळवार असेल, मी शाळेतून आले आणि दारातल्या उंबऱ्यापाशीच खाली बसले. चप्पल पायात, पर्स मांडीवर. उठून दिवा लावायचा होता, तांदूळ निवडायचे होते. मला उठवेचना. दुखत काही नव्हतं. नुसती बसून राहिले, भिंतीला टेकून, हातपाय जवळ घेऊन.

मामाजी माशाचं काढलेलं पाणी तुळशीत ओतायला बाहेर निघाले होते. पाण्याचा मग हातात धरून तसेच थांबले. किती वेळ माझ्याकडे बघत होते कोण जाणे.

"सूनबाई, तूबी पंख मिटून बसली," ते म्हणाले.

"थकली, मामाजी. दुसरं काई नाई."

"कवापासून?"

तोंड उघडलं आणि रडूच आलं. त्यांच्यासमोर मी कधी रडले नव्हते, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही.

ते माझ्यासमोर खाली बसले, गुडघे धरून, सावकाश. पाण्याचा मग बाजूला ठेवला. आतल्या कोपऱ्यातल्या घागरीकडे बघितलं, आता काळपट पडलेल्या.

"मी तुले म्हनत राह्यलो, इथंच राह्य, इथंच राह्य. तुह्यासाठी म्हनतो, म्हनून," ते म्हणाले. "तेबी घागरीतलंच पानी झालं, माय. चांगलं समजूनच पाजलं."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणवलं नाही.

"लाव त्याले फोन," ते म्हणाले. "खोली मोठी पाह्य म्हना. मी येतो, मासा येते."

मी पर्समधून फोन काढून लावला. तिकडून हे बोल, बोल ना, काय झालं, म्हणत राहिले आणि मी डोळेच पुसत राहिले. शेवटी मामाजींनीच फोन माझ्या हातातून घेतला.