गड्ड्यावरचा लाल बल्ब

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. आणि आता सांगतोय म्हणजे म्हातारा विरघळला, असा घाईनं समज करून घेऊ नका. सरोजा मला आवडत नव्हती. आजही — खरं सांगू? — तिचं नाव निघालं की कपाळाला आठी पडते. मग सांगतोय कशाला? ते मलाही नीट कळलेलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. करकंबच्या शेतकऱ्याचा पोरगा, सेकंड क्लास एम.एस्सी., नऊ वर्षं तीच खुर्ची. सरोजा माझ्याच हाताखाली शिकलेली. पूर्व भागातल्या तेलुगू विणकराची मुलगी. बाप मागावर, आई विड्या वळायची. तिनं फर्स्ट क्लास काढला आणि डेमॉन्स्ट्रेटर होऊन माझ्याच शेजारच्या टेबलावर येऊन बसली. बसली ती बसली, वर मला शिकवायला लागली.

एकदा मी फळ्यावर डोळ्याची आकृती काढून पोरांना सांगत होतो की उजेड पडला की पेशीत प्रवाह सुरू होतो. मागून आवाज आला, "सर, उलटं आहे. अंधारात प्रवाह चालू असतो, उजेड तो बंद करतो." तिचं बरोबर होतं. पोरं हसली. ती हसली नाही — हसली असती तर कदाचित मी विसरलो असतो. तिनं नुसतं बरोबर केलं, फळ्यावरचं शुद्धलेखन सुधारावं तसं.

तिचा विषय सोपा करून सांगतो, कारण त्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला समजायचं नाही. डोळ्याच्या पडद्यात मंद उजेडात बघण्यासाठी दंडपेशी असतात. त्यांच्यात एक लालसर प्रथिन असतं. उजेड लागला की ते जागं होतं, त्याचा रंग उडतो, आणि मेंदूला कळतं की काहीतरी दिसलं. पण जागं झालेल्या प्रथिनाला परत गप्प कोण करणार? ते गप्प झालं नाही तर पेशी ओरडतच राहणार आणि पुढचा उजेड तिला कळणारच नाही. सरोजाचं म्हणणं, गप्प करणारी प्रथिनं वेगळी असतात, आणि आपण त्यांच्या मागे लागलं पाहिजे.

हे खूळ तिच्या डोक्यात बापामुळे शिरलं होतं. वडिलांना ती नायना म्हणायची. नायनाला दिवस मावळला की दिसायचं नाही. शेवग्याचा पाला झाला, गाजरं झाली, माशाचं तेल झालं, गुण शून्य. पण खोलीत मिट्ट अंधार करून तीन-चार तास बसवलं, की त्याला त्या अंधारातलं दिसायला लागायचं! कंदील पेटला की पुन्हा गेलं. "त्यांचं गप्प करणारं प्रथिनच बिघडलंय, सर," ती म्हणायची. मी स्टाफरूममध्ये सांगत सुटलो — बाई बेडकाच्या डोळ्यातून बापाचा डोळा दुरुस्त करणार आहेत. सगळे खो-खो हसले. मला बरं वाटलं.

मग मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेतून एक साहेब यायचे ठरले. त्यांच्याकडे एक जागा होती. काही वर्षांपूर्वी तिथंच मी अर्ज केला होता, त्याला साधं उत्तरही आलं नव्हतं. आणि आता ते आपण होऊन हिचं काम बघायला येणार होते.

दाखवायचं होतं ते एवढंच. होटगीहून गोणपाटात आलेले बेडूक रात्रभर अंधारात ठेवायचे. डार्करूममध्ये लाल बल्बच्या उजेडात डोळ्याचा पडदा अलगद सोडवायचा आणि बशीत घालून बाहेर आणायचा. उन्हात तो आधी गुलाबी दिसतो, मग बघता बघता पिवळट पडतो. हातांची परीक्षा होती ती. तिनं फोटो स्टुडिओतून गडद लाल बल्ब आणला होता, आणि मला — मलाच! — समजावून सांगितलं होतं. "सर, रंग दिलेला बल्ब चालत नाही. त्यातून दुसरा उजेडही झिरपतो. आपल्याला लाल दिसतो, पण बेडकाला सगळं दिसतं."

कळलं ना आता? सिद्धेश्वराच्या जत्रेच्या मैदानात, गड्ड्यावर, पाळण्यांना लावतात ना, तसला रंगवलेला लाल बल्ब मी आणला. चाळीस वॅटचा. तिचा काढून माझ्या कपाटात ठेवला. सकाळी तिला म्हणालो, "तुमचा बल्ब गेला होता. त्याच स्टुडिओतून दुसरा आणून लावलाय." ती म्हणाली, "बरं झालं सर, तुम्ही होता."

दुपारी नायना आला. धोतर, डोक्याला टोपी, हातात तिचा डबा. डार्करूमबाहेरच्या बाकावर बसून मला म्हणाला, "पोरीचं बगा की सर. लई मेहनत करती. आन् दिवस हाय तवर सोडा, मला हात धरून न्यावं लागतं."

साहेब आल्यावर ती आत गेली. चाळीस मिनिटं. घाई करणारी असती तर थोडा तरी रंग वाचला असता. पण ती सावकाश, जपून, एकेक धागा सोडवत राहिली, आणि जितकी जपत होती तितका रंग उडत होता. तिला ते कळणार कसं? लाल उजेडात रंग ओळखूच येत नाही. बशी बाहेर आली ती पिवळटच. दुसरा बेडूक, तेच. तिसऱ्याला साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी हात बसू द्या." तेव्हा मी तोंड उघडू शकत होतो. दिव्याकडे एक बोट दाखवायचं होतं. मी साहेबांसाठी चहा सांगायला गेलो.

जागा गेली. वर्षअखेरीस तिनं कॉलेज सोडलं आणि एका शाळेत मुलींना शिवण शिकवायला लागली. शिवण! पुढं कधीतरी पुस्तकांतून छापून आलंच — नायनासारखी माणसं असतात, आणि त्यांच्यात ते गप्प करणारंच प्रथिन बिघडलेलं असतं. जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून मी ते वाचलं, आणि पहिला विचार काय आला? हिचं पुन्हा बरोबर निघालं. इतकाच. मनात चीडच होती. स्टुडिओचा तो बल्ब अजून माझ्या कपाटात आहे.

पण मला बल्बचं सांगायचं नव्हतं. ते काय, कुणीही जळकुटा करेल. सांगायचं ते पुढंच आहे.

त्या दिवशी साहेब गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. दिवस कलला होता. नायना दारात चौकट चाचपत उभा होता. ती म्हणाली, "सर, माझ्यामुळं तुमची मान खाली गेली. तुम्ही बल्बसुद्धा आणून दिलात, आणि माझेच हात चुकले. मला माफ करा."

मी पेन खाली ठेवलं. तिच्याकडे नीट पाहिलं. म्हणालो, "असू द्या बाई. चुकतं माणूस. मी काही मनात ठेवणार नाही."

तिचे डोळे भरून आले. तिनं वाकून मला नमस्कार केला आणि बापाचा हात धरून जिना उतरली.