मिसोतली सुरमई आणि एक गुरुवार

त्या शुक्रवारी फोनच्या पडद्यावर तुम्ही दोघं एकमेकांना ढकलत पुढे आलात आणि विचारलंत, "आजी, आजोबांना मासा आवडला का?" मी "नंतर सांगते" म्हणाले आणि फोन तुमच्या आईकडे द्यायला लावला. तुम्ही अजून उत्तराची वाट बघताय, असं ती परवा म्हणाली. फोनवर मला ते सांगायला जमणार नाही. कॉलेजात इंग्रजी शिकवताना मी वर्षानुवर्षं मुलांना बजावत आले की आधी काय झालं ते आधी लिहा आणि नंतरचं नंतर. तसंच आता मी करते आहे. मराठी तुम्हाला सावकाश वाचावं लागेल. वाचा.

आधीचं म्हणजे आम्ही तुमच्याकडे जपानला आलो होतो तेव्हाचं. आजोबांनी सांगलीहून शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला आणि भाकरीचं पीठ बरोबर घेतलं होतं. फौजेत सगळा देश फिरलेला माणूस, पण जेवणाच्या बाबतीत त्यांचा परमुलखावर विश्वास नव्हता. पहिल्याच संध्याकाळी तुमच्या आईनं त्यांच्यापुढे माशाचा एक तुकडा ठेवला. कडा तपकिरी, वर चकाकी, आणि वास भाजलेल्या गोड कणसासारखा. त्यांनी हात न लावता विचारलं, "आज वार कोणता?"

तुमच्यातला धाकटा धावत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेला आणि "बुधवार" म्हणून ओरडला. मग आजोबा विचारात पडले. तिथला बुधवार आणि भारतातला बुधवार एकच का, हे त्यांनी तुमच्या आईकडून दोनदा वदवून घेतलं आणि मगच पहिला घास घेतला. तुम्ही खूप हसला होतात. आमच्या घरात सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी मासा-मटण-अंडं शिजत नाही. त्यातला सोमवार-शनिवार घराण्याचा, पण गुरुवार आजोबांचा स्वतःचा. बर्फातल्या एका चौकीवर असताना त्यांनी तो धरला. का धरला, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढंच समजलं की तिथून सगळे परत आले नव्हते.

त्या दिवशी त्यांनी दुसरा तुकडा मागून घेतला. मटण कितीही चांगलं झालं तरी "बरं झालंय" याच्या पुढे न जाणारे तुमचे आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हे शिकून घ्या."

आता नंतरचं. मागच्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. मिरजेला रोज नेऊन किरणांचा उपचार केला. गाठ गेली असं डॉक्टर म्हणतात. पण गाठीबरोबर त्यांच्या तोंडाची चवही गेली आणि लाळही आटली. मऊ भात दिला तर म्हणायचे भुसा. खीर दिली तर म्हणायचे चुना. पोळीचा घास तोंडात घोळवत बसायचे आणि मी पाठ वळवली की हातरुमालात काढून ठेवायचे. धुणं भिजवताना मला ते घास सापडायचे. त्यांचे सगळे शर्ट मी दोन्ही बाजूंनी टाके घालून आत घेतले, तरी ते हँगरला टांगल्यासारखेच दिसत.

मग डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "सोमवारी या. तोंडानं जेवण सुरू झालं नसेल तर पोटात नळी बसवू. आणखी थांबण्यात अर्थ नाही." परत येताना सांगलीत विश्रामबागेच्या चौकात रिक्षा थांबली तेव्हा आजोबा म्हणाले, "नळी नको गं. काहीतरी कर." त्यांनी माझ्याकडे असं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय करू? काय खावंसं वाटतं?" पंख्याकडे बघत ते म्हणाले, "पोरीकडं खाल्लेला तो मासा."

तुमच्या आईनं आणलेलं मिसोचं, म्हणजे सोयाबीनच्या त्या आंबवलेल्या खारट लगद्याचं, पाकीट माझ्या फ्रिजच्या दारात होतंच. मी तिला लगेच फोन लावला. तिनं सांगितलं ते असं. सुरमईचे जाड तुकडे घ्यायचे, मीठ लावून थोडा वेळ ठेवायचे, सुटलेलं पाणी टिपायचं. पांढरा मिसो, साखर आणि जपानी लोकांची ती तांदळाची दारू एकत्र करून लेप करायचा. लेपात मासा किमान दोन रात्री फ्रिजमध्ये ठेवायचा. मग लेप पुसून, मंद आचेवर भाजायचा, कारण मिसो फार लवकर करपतो.

"तांदळाची दारू सांगलीत कुठून आणू?" मी विचारलं.

"बाबांची कँटीनची रम असेल ना, आई? चमचाभर घाल."

पलंगावरून आजोबा म्हणाले, "म्हणजे मासा पण भरती झाला." उपचार सुरू झाल्यापासूनचा तो त्यांचा पहिला विनोद. मी त्यावर फार आशा बांधली.

बुधवारी सकाळी मी स्वतः बाजारात गेले. रत्नागिरीहून बर्फात आलेली सुरमई होती, डोळे स्वच्छ होते. पोटाकडचे तुकडे घेतले. तेव्हा आजोबांची धाकटी बहीण, तुमची आत्याआजी, कवठे महांकाळच्या बाजूच्या त्यांच्या गावाहून मदतीला येऊन राहिली होती. चक्का टांगायचं मलमलचं फडकं मी माशावर पसरलं आणि वरून लेप लावू लागले, तेव्हा ती शेजारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आवं वैनी, ह्ये काय करताय? मासा धुवायचा का भिंत सारवायची?"

"जपानी पद्धत आहे."

"जपानी मानसं लय शानी म्हनत्यात. हळद न्हाई, तिखाट न्हाई, रम पाजून झोपवत्यात माशाला." मग बाहेर डोकावून, "दादा, आवं दादा, तुमच्याआधी मासाच टाईट हुतोय बघा!"

आजोबा हसले. हसताना त्यांना ठसका लागला, आणि आम्ही दोघी धावलो.

डबा फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवला. देवाच्या नैवेद्याचं दूध वरच्या कप्प्यात हलवलं. बुधवारी लेप, शुक्रवारी भाजणं. मधला गुरुवार आपोआप मुरण्यात जाणार होता. वार आणि कृती यांचा इतका नीट मेळ बसलेला पाहून मला समाधान वाटलं होतं.

गुरुवारी दुपारी मी वरण-भात कालवून घेऊन गेले. आजोबा उठून बसले होते. म्हणाले, "भूक लागलीय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ताट खाली ठेवून मी जवळ बसले.

"पोटात कावळे ओरडतायत," ते म्हणाले. "तू फ्रिज उघडलास तेव्हा वास आला. गोडसर. तोंडाला पाणी सुटलं." आणि त्यांनी ओठ पुसून बोट मला दाखवलं. बोट खरंच ओलं होतं. कित्येक महिने तोंड कोरडं पडलेला माणूस मला ओलं बोट दाखवत होता.

मी स्वयंपाकघरात गेले. मासा एकच रात्र मुरला होता, दोन झाल्या नव्हत्या. खालचा डबा काढला. एका तुकड्यावरचा लेप पुसला. तव्यावर बेकिंगचा कागद घातला, त्याला तेल पुसलं, गॅस बारीक केला. आत्याआजीनं कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच उठून मागचं दार उघडलं, देवघराकडे वास जाऊ नये म्हणून. आयुष्यभर वार पाळलेली बाई ती. तुकडा तव्यावर ठेवणार एवढ्यात बाहेरून आवाज आला.

"आज वार कोणता?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मी विचारतोय, वार कोणता?"

आत्याआजी हात पुसत बाहेर गेली. "दादा, आजाऱ्याला कसला वार? पोटात घाला दोन घास. द्येव काय डोळं वटारून बसलाय व्हय?"

"देव नाही. मी बसलोय."

मी म्हणाले, "अहो, तुम्हीच म्हणालात ना भूक लागलीय? सोमवारी डॉक्टर..."

"उद्या खातो," ते म्हणाले. "इतक्या वर्षांचा आहे तो. मी मधेच सोडला तर ज्यांच्यासाठी धरला त्यांना काय सांगू?" तो कुणासाठी तरी धरला होता, हे पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आलं. मग मवाळ होऊन, लहान मुलाला समजावावं तसं मला म्हणाले, "एका रात्रीचा प्रश्न आहे. मासा पण मुरेल. पोरगी दोन रात्री म्हणाली होती ना?"

मी शिकलेली बाई आहे. साताऱ्याला इंग्रजी शाळेत नन्सच्या हाताखाली वाढले, वार-उपासांवर माझी कधी श्रद्धा नव्हती. त्या क्षणी मला त्यांच्याशी भांडायचं होतं. ताट आपटावंसं वाटत होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला. इतक्या महिन्यांत त्यांच्या हातात स्वतःचं असं काहीच उरलं नव्हतं. आंघोळ मी घालायची, औषधं मी द्यायची, कुठे जायचं ते डॉक्टर ठरवायचे. नाही म्हणता येईल अशी ही एकच गोष्ट त्यांच्याकडे होती. मी गॅस बंद केला. पुसलेला तुकडा पुन्हा लेपात ठेवला, वरून फडकं घातलं. वरण-भाताचे दोन चमचे त्यांनी त्या भुकेवर कसेबसे गिळले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

शुक्रवारी मी सगळं अगदी तुमच्या आईनं सांगितल्याप्रमाणे केलं. लेप पुसला, आच मंद ठेवली, झाकण ठेवून आधी शिजू दिलं, मग उघडं ठेवून कडांना रंग येऊ दिला. तिखट घातलं नाही. पांढऱ्या ताटलीत एकच तुकडा, बाजूला काकडी. तुमच्याकडे दिसलं होतं तसंच दिसत होतं. खरंच तसंच.

आजोबांनी घास घेतला. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी तो इकडून तिकडे फिरवला. डोळे मिटले. पुन्हा फिरवला. मी मनात म्हणत होते, गिळा. गिळा.

त्यांनी हातरुमाल तोंडाशी नेला. या वेळी माझी पाठ वळेपर्यंत थांबले नाहीत.

"काय झालं? खारट आहे?"

"काहीच नाही," ते म्हणाले. "काहीच लागत नाही. कापूस."

"कालची भूक?"

"काल होती," ते म्हणाले. जणू एखादा ओळखीचा माणूस येऊन गेल्याचं सांगत होते. आत्याआजी पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेली. थोड्याच वेळानं तुमचा फोन आला आणि तुम्ही विचारलंत, आजोबांना आवडला का?

शनिवारी मासा करायचा नव्हता. मुरलेले तुकडे तसेच राहिले. रविवारी मी पुन्हा विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली. आत्याआजी म्हणाली, "वैनी, टाकू नगा. तुमी खावा. तुमच्या बी पोटात काय न्हाई." मला खायचं नव्हतं, पण चांगला मासा टाकणं माझ्या हातून होत नाही. तुकडे भाजले आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरातच खायला बसलो. पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला. तो अगदी तुमच्या घरचा मासा होता. गोड, खारट, आतून ओलसर, काट्यापासून सहज सुटणारा. आणखी मुरून अधिकच चांगला झाला होता. आत्याआजी बोटं चाटत म्हणाली, "लय भारी हाय की वो!" आणि तिला रडू फुटलं.

बाहेरून आजोबांनी विचारलं, "जमला का?"

मी घास गिळला आणि म्हणाले, "जमला."

"मग पोरांना तसं कळव."

म्हणून कळवते. मासा जमला होता.

सोमवारी मिरजेला नळी बसवली. आता मी दिवसातून ठरावीक वेळेला वाटलेली डाळ, दूध आणि औषधाची पूड त्यातून सोडते. वजन थोडं वाढलंय, शर्टाचे टाके उसवावे लागतील असं डॉक्टर हसून म्हणाले. माझं सगळं वेळापत्रक लागलेलं आहे. तुम्ही मे महिन्यात याल तेव्हा त्यांच्यासमोर जेवू नका असं मी सांगणार नाही. ते स्वतःच तुम्हाला समोर बसवून खायला लावतील. फक्त काय खावंसं वाटतं हे त्यांना विचारू नका.

मागच्या गुरुवारी दुपारी मी नळीत पातळ केलेलं अंडं सोडलं. डॉक्टरांनी ताकदीसाठी सांगितलं होतं. हात क्षणभर थांबला माझा. त्यांनी विचारावं म्हणून मी थांबले. ते खिडकीबाहेर बघत होते. नळी बसल्यापासून त्यांनी मला एकदाही वार विचारलेला नाही.