बूटवाला

“हे लय सभ्य दिसतंय,” माझ्या पाठीमागून स्क्रीनकडे बघत शेठ छपाईच्या मशिनवाल्याला म्हणाले. “द्राक्षाची पेटी हाय का लग्नाची पत्रिका?” मग माझ्याकडे वळून, “कॉन्व्हेंट, बूटवाला लाव. जाड कर. आता पाड.”

इंग्रजी शाळेत शिकले म्हणून ते मला कॉन्व्हेंट म्हणत. ‘पाड’ म्हणजे अक्षर तिरकं कर; तसं म्हणताना ते उभा तळहात हळूहळू एका बाजूला कलवायचे.

बूटवाला तुम्हीही पाहिलाय. ट्रकच्या कपाळावर, कबड्डीच्या टी-शर्टवर, जिमच्या पाटीवर. जाडजूड इंग्रजी अक्षरं, प्रत्येकाच्या पायात चौकोनी ठोकळे, आणि सगळी पुढे झुकलेली, सुटलेल्या बसमागे धावल्यासारखी. पुस्तकात त्याला स्लॅब सेरिफ म्हणतात. खताच्या गोणीवर तो शोभतो, हे मान्य. ओझं उचलणारं अक्षर आहे ते. पण शेठ तो डोहाळजेवणालाही लावत. ओझर रस्त्यावरच्या त्यांच्या फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइन करायचे. संध्याकाळी घरी गेले तरी डोळ्यांत ते बूट असायचे. किळस यायची.

मिसळ खाल्लेलं बोट ते थेट स्क्रीनवर टेकवत. तर्रीचा डाग मी माझ्या रुमालानं पुसायची.

नमुना बाहेर टांगला की शेठ भर उन्हात रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहत. तिथून तळहात कलला, की समजायचं, अजून पाड. “गाडीवरचा मानूस वाचत नाय,” ते म्हणत. “त्याच्या डोळ्यावर आदळावं लागतं.”

एकदा पेठहून एकजण आईचा फोटो घेऊन आला. श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा होता. मी बारीक, सरळ अक्षरं घेतली होती. शेठनी बूटवाला लावायला लावला. हार घातलेल्या म्हातारीखाली MISS YOU AAI दौडत सुटलं.

त्या माणसानं फोटोखालच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. “आईचं गुडघं गेलं होतं,” तो हळूच म्हणाला.

“दादा, लांबून उठून दिसतंय का नाय?” शेठनी विचारलं. त्यानं मान हलवली आणि गुंडाळी काखेत मारून गेला. शेठ बाहेर जाऊन, तो रस्ता ओलांडेपर्यंत हात दाखवून गाड्या थांबवत राहिले. तेही मी पाहिलं. त्यामुळे किळस कमी झाली नाही, फक्त अवघड झाली.

पुढे शेठचे पाय सुजले. चपला चढेनात. मग खुर्चीतूनच तळहात कलायचा. या उन्हाळ्यात ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला घेतला, तेव्हा त्यांचा मुलगा माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. “पप्पांचाच लाव. बूटवाला.”

मी लावला. जाड केला. पाडला. फोटोतले शेठ हसत होते आणि खाली त्यांचं नाव पुढे झुकून पळत होतं. सवयीनं मी रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

“मस्त,” मुलगा म्हणाला. “प्रिंटला दे.”

“नको, दादा,” मी म्हणाले. “सरळ ठेवू. त्यांना आता कुठे पळायचंय?”